वजनदार कॅमेऱ्याची प्रतिष्ठा

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे वस्तूची योग्यता तिच्या आकारावरून आणि वजनावरून ठरवण्याची जुनी खोड आहे. पितळी पातेले जड असेल तर ते चांगले, पुस्तक जाड असेल तर ते विद्वत्तापूर्ण, आणि कॅमेरा मोठा असेल तर तो धरणारा मोठा फोटोग्राफर! यातले पातेल्याचे मला मान्य आहे. पुस्तकाविषयी बोलण्याचा अधिकार आमच्या प्राध्यापकांचा. परंतु कॅमेऱ्याविषयी चार शब्द लिहिण्याइतका अनुभव, एकोणिसाव्या वर्षी का होईना, माझ्या गाठीशी आहे. आणि तो अनुभव असे सांगतो की मोठ्या कॅमेऱ्याची ही प्रतिष्ठा बरीचशी पोकळ आहे. ती नुसती पोकळ असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिच्यापायी माझ्यासारख्या मुलामुलींचे पैसे जातात, खांदे जातात आणि कधीकधी हातची कामेही जातात. म्हणून हा प्रपंच.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगणे बरे. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. अकरावीपासून मी लग्नसराईत तालुक्याच्या एका स्टुडिओसाठी ‘सेकंड कॅमेरा’ म्हणून काम करते. मुख्य फोटोग्राफर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते व्यासपीठावर असतात. सेकंड कॅमेऱ्याने मांडवात हिंडून माणसांचे चेहरे टिपायचे असतात. हल्ली त्याला ‘कँडिड’ असे भारदस्त नाव आहे. या कामातून माझी फी, वह्या-पुस्तके आणि एसटीचा पास निघतो. तेव्हा कॅमेरा हा माझा छंद आहे हे खरे, पण त्याआधी तो माझ्या शिक्षणाचा आधार आहे.

पहिली दोन वर्षे माझ्याकडे वापरलेला निकॉन डी ७२०० होता. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन ७६५ ग्रॅम. त्यावर १८-१४० मि.मी.ची लेन्स ४९० ग्रॅमची, आणि लांबचे टिपण्यासाठी ७०-३०० मि.मी.ची लेन्स ७४५ ग्रॅमची. बेरीज बरोबर दोन किलो. गेल्या दिवाळीनंतर मी हा सगळा संच विकला आणि त्या पैशांत ऑलिंपसचा ओएम-डी ई-एम १० मार्क टू हा लहान मिररलेस कॅमेरा घेतला, तोही वापरलेलाच. तो बॅटरी-कार्डासह ३९० ग्रॅम. त्याच्या तीन लेन्स मिळून चारशे ग्रॅमही भरत नाहीत: १४-४२ मि.मी.ची चपटी लेन्स ९३ ग्रॅम, ४०-१५० मि.मी.ची १९० ग्रॅम, आणि चेहऱ्यांसाठी ४५ मि.मी.ची ११६ ग्रॅम. सगळे मिळून ७८९ ग्रॅम. माझ्या कॉलेजच्या पिशवीत डब्याशेजारी हा सगळा संसार मावतो.

ज्यांचा या शास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करते. नेहमीच्या मोठ्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, लेन्सच्या मागे ४५ अंशांत एक आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर जातो आणि काचेच्या लोलकातून वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. तो जो ‘खटॅक्’ आवाज येतो त्यात या आरशाचा मोठा वाटा असतो. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून निकॉनच्या या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. ठेवावे लागते. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सेन्सरवर पडलेले चित्र एका चिमुकल्या पडद्यावर दिसते आणि आपण डोळा लावून तो पडदा पाहतो. त्यामुळे माझ्या कॅमेऱ्यात हेच अंतर २० मि.मी.हूनही कमी आहे. पोटातली खोली गेली, तसा कॅमेरा बारीक झाला. आरशाशिवायच्या, लेन्स बदलता येणाऱ्या अशा कॅमेऱ्यांपैकी या ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ पद्धतीचा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ साली आणला. ही पद्धत पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी मिळून ठरवली, त्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसते.

इतके सरळ असताना अडचण कोठे आली? अडचण माणसांत आली. लहान कॅमेरा घेऊन मी पहिल्या लग्नाला गेले तेव्हा वरपक्षाकडील एका काकांनी विचारले, “पोरी, खरा कॅमेरा गाडीत राहिला का?” दुसऱ्या एका ठिकाणी ऐकले, “यापेक्षा आमच्या भाच्याचा मोबाइल बरा.” तिसरी प्रतिक्रिया कौतुकाची होती, पण मला तीच अधिक टोचली. “छान आहे गं, मुलीच्या हाताला शोभतो!” दोन लग्नसराया दोन किलो गळ्यात वागवल्या तेव्हा तो कॅमेरा माझ्या हाताला शोभतो की नाही, हे कोणी विचारले नव्हते. आणि एका घरी तर गंमतच झाली. यजमानांचे समाधान व्हावे म्हणून दादांनी स्टुडिओतली एक जुनी मोठी बॉडी माझ्या गळ्यात नुसती अडकवायला दिली. त्या दिवशीचे सगळे फोटो मी लहान कॅमेऱ्याने काढले. मोठा कॅमेरा दिवसभर मंगळसूत्रासारखा गळ्यात शोभेला होता. अल्बम पाहून यजमान खूष झाले आणि म्हणाले, “शेवटी मोठ्या कॅमेऱ्याची गोष्टच वेगळी!”

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे खरी; पण तिच्यामागे जो हिशेब आहे तो हसण्यासारखा नाही. लग्नाचा फोटो पाहणारा माणूस फोटो हातात येईपर्यंत कामाची पारख करू शकत नाही. म्हणून तो दिसेल त्या वस्तूवरून पारख करतो. स्टुडिओला गिऱ्हाईक हवे असते, म्हणून स्टुडिओ मोठी वस्तू दाखवतो. आणि नवीन शिकणारा मुलगा घरच्यांकडून किंवा सावकाराकडून पैसे उचलून तीच मोठी वस्तू विकत घेतो, कारण त्याशिवाय त्याला कामावर कोणी बोलावत नाही. आमच्याच वर्गातील एका मुलाने दोन वर्षांच्या हप्त्यांवर मोठा कॅमेरा घेतला आहे. त्याला त्याची गरज नव्हती, असे मी म्हणत नाही; पण ‘गरज कशाची आहे’ हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

ओझे आणि योग्यता यांचा संबंध काय, हे मला घरीच शिकायला मिळाले. माझे वडील सांगतात की त्यांनी काम सुरू केले तेव्हा पाठीवर क्विंटलाचे पोते असे. पुढे हमालांच्या संघटनांनी भांडून पन्नास किलोचे पोते आणले. पोते निम्मे झाले म्हणून बाजारात धान्य कमी आले नाही, आणि हमाल कमी प्रतीचा झाला असेही कोणी म्हटले नाही. उलट पन्नाशीपर्यंत काम करण्याची आशा त्याला वाटू लागली. श्रमाचा मान श्रमाला मिळावा, ओझ्याला नव्हे. हे तत्त्व मार्केट यार्डात मान्य होते, मग मांडवात का होऊ नये?

कॅमेऱ्याच्या इतिहासातही हेच दिसते. ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराला दम्याचा त्रास होता. काचेच्या फलकांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला जमेना. म्हणून त्याने चित्रपटाच्या ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा खिशात मावणारा कॅमेरा तयार केला. तोच लायका, १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. त्याचे चित्र फक्त २४ × ३६ मि.मी.चे. फलकांच्या मानाने ते इतके लहान होते की अशा कॅमेऱ्यांना ‘मिनिएचर’, म्हणजे लघुरूप, म्हणत. आज गंमत पाहा: त्याच २४ × ३६ मि.मी.च्या आकाराला सारे जग ‘फुल फ्रेम’ म्हणते, आणि त्याहून लहान सेन्सर पाहिला की नाक मुरडते! काल ज्याला लहान म्हणून हिणवले तेच आज मोठेपणाचे माप झाले आहे. मग हे माप कायमचे कसे मानावे?

जपानमध्ये ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानी यांनी १९५९ साली ‘पेन’ हा कॅमेरा आणला. तो फिल्मची अर्धीच चौकट वापरी, त्यामुळे ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो निघत. ज्याला रोलचे पैसे मोजून खर्च करावे लागतात त्याला या दुपटीचे मोल समजेल. पुढे त्यांनीच आरशाचे कॅमेरे फार जड झाले आहेत हे ओळखून एक आटोपशीर कॅमेरा घडवला. १९७२ साली तो आला आणि पुढच्या वर्षी ‘ओएम-१’ या नावाने प्रसिद्ध झाला. माझ्या कॅमेऱ्याच्या नावातील ‘ओएम’ तेथूनच आला आहे.

मात्र याचा अर्थ मोठ्या कॅमेऱ्यांनी चांगले काम झालेच नाही, असा कोणी घेऊ नये. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स अशा कॅमेऱ्यांनी त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातील दिल्ली टिपली, आणि साडी नेसून, सायकलवरून हे सामान वाहिले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या काळात वृत्तपत्राच्या कामाला जे यंत्र लागे ते त्यांनी वापरले. त्यांच्याकडून शिकायचे ते हेच, की कामाने यंत्र निवडावे, लोकांच्या नजरेने निवडू नये.

आता पक्षपात न करता लहान कॅमेऱ्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष प्रकाशाचा. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ × १५.६ मि.मी.चा, नव्याचा १७.३ × १३ मि.मी.चा, म्हणजे जुन्याचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट. रात्रीच्या वरातीत नव्या कॅमेऱ्याच्या चित्रात दाणे अधिक दिसतात आणि मागची गर्दी पुसट करणेही थोडे अवघड जाते. दुसरा दोष बॅटरीचा. कॅमेरा उद्योगाच्या ठरलेल्या मोजणीप्रमाणे डी ७२००ची एक बॅटरी १,११० फोटो देते, तर माझी आताची ३२०. तो चिमुकला पडदा सतत पेटता असतो, त्याची ही किंमत. खिशात तीन जादा बॅटऱ्या बाळगल्याशिवाय मी घर सोडत नाही. तिसरा दोष धावत्या माणसांचा. या कॅमेऱ्याचे फोकस स्थिर चेहऱ्यावर झटकन बसते, पण कबड्डीत चढाई करणारा गडी अंगावर येऊ लागला की ते चाचपडते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे फोटो काढायचे असतील तर मी आजही आरशाचा कॅमेरा मागून नेईन. (नव्या आणि महाग मिररलेस कॅमेऱ्यांत ही उणीव उरलेली नाही. असोसिएटेड प्रेस या जगप्रसिद्ध वृत्तसंस्थेने २०२० साली आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीचे मिररलेस कॅमेरे घेण्याचे जाहीर केले, ते उगाच नव्हे. पण ती किंमत आपल्या आवाक्यातली नाही.)

आणखी एक भीती मला दाखवण्यात आली: “ती कंपनी बंद पडली, आता लेन्स कोठून आणशील?” वस्तुस्थिती अशी की ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळा काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो ओएम डिजिटल सोल्यूशन्स या कंपनीकडे गेला. लेन्सची बैठक बदललेली नाही. २००८ च्या पद्धतीची लेन्स आजही बसते.

आता जमेची बाजू. १६ मेगापिक्सेल पुरतात का, असे दादांनीच विचारले होते. आपल्याकडे लग्नाचा करिझ्मा अल्बम बहुधा १२ × ३६ इंचांचा असतो. म्हणजे एक पान १२ × १८ इंचांचे. माझ्या फोटोची लांब बाजू ४,६०८ ठिपक्यांची. अठरा इंचांनी भागले तर इंचाला २५६ ठिपके येतात. हातात धरून पाहायच्या अल्बमला ते पुरेसे आहेत. गणिताशी माझे बारावीपर्यंत कधी पटले नाही, पण हा भागाकार मी दादांना कागदावर करून दाखवला आणि तेथे वाद मिटला.

खरी जमा मात्र आकड्यांत सांगता येत नाही. नवरीला हळद लागते, बांगड्या भरल्या जातात, त्या खोलीत सगळ्या बायका असतात. मोठा कॅमेरा आत आला की पदर सावरले जातात, गप्पा थांबतात, आजी तोंड मिटून ताठ बसते. लहान कॅमेरा आला तर दोन मिनिटांत त्याचा विसर पडतो. मग आजी ओवी म्हणते, मावशी डोळे पुसते, आणि नवरीची धाकटी बहीण कोपऱ्यात एकटी का बसली आहे हेही दिसते. पुढे वीस वर्षांनी त्या घराला हाच फोटो हवा असणार. व्यासपीठावरचा, चारशे लोकांबरोबरचा एकसारखा फोटो कोणीही काढू शकतो.

परंतु लहान कॅमेरा विकत घेतला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथून सुरू होतो. कारखान्यातून येणारा कॅमेरा म्हणजे तयार कपडा. न पाहिलेल्या माणसाचे माप धरून तो शिवलेला असतो. तो आपल्या अंगाला बसवून घ्यावा लागतो. आणि शिंपी आपणच. माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत ‘ए’पासून ‘के’पर्यंत अकरा कप्पे आहेत आणि प्रत्येकात डझनभर पर्याय. पहिल्या दिवशी पाहिले तेव्हा शेतीच्या सातबाऱ्यासारखे वाटले. सगळे महत्त्वाचे, आणि काहीच न समजणारे. मग फुलस्केप वही घेतली, ग्रंथालयातला इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला आणि चार संध्याकाळी बसून पुस्तिका वाचली. प्रत्येक पर्यायापुढे मराठीत दोन गोष्टी लिहिल्या: हे काय करते, आणि मला याचा उपयोग काय. त्यातील काही निर्णय सांगते, म्हणजे ‘सेटिंग’ म्हणजे काय याची कल्पना येईल.

सर्वांत आधी तारीख आणि वेळ. हे क्षुल्लक वाटते. पण दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तर अल्बम लावताना मंगलाष्टकांआधी सप्तपदी येते. म्हणून प्रत्येक लग्नाच्या सकाळी दादांचा आणि माझा कॅमेरा मी सेकंदासकट जुळवते.

दुसरी गोष्ट रंगाची. पिवळ्या दिव्यांखाली ‘ऊबदार रंग राखणे’ हे या कॅमेऱ्यात आधीपासून चालू असते. हॉटेलातल्या जेवणाला ते शोभत असेल. आपल्याकडे नवरी पिवळी अष्टपुत्री नेसलेली, अंगावर हळद, वर पिवळा बल्ब. त्यात कॅमेऱ्यानेही पिवळेपणा राखला तर माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. ते मी बंद केले.

तिसरी, आवाजाची. या कॅमेऱ्यात अजिबात आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर आहे. सप्ताहातील कीर्तनात आणि व्याख्यानांत ते वरदान आहे. पण त्याला एक अट आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून साध्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. ते डोळ्याला दिसत नाही. परंतु नीरव शटर सेन्सरची एकेक ओळ क्रमाने वाचते, त्यामुळे चित्रावर आडवे काळे पट्टे येतात. म्हणून दिवसाच्या उजेडात नीरव शटर, आणि ट्यूबांखाली नेहमीचे शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर, असा नियम मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे.

चौथी, बोटांची. फोकसचे काम मी शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणाला दिले. त्यामुळे एकदा अंतरपाटाच्या जागी फोकस धरले की अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी कॅमेरा शोधाशोध करीत बसत नाही. पाचवी, आठवणीची. या कॅमेऱ्यात चार वेगवेगळ्या मांडण्या साठवून ठेवता येतात. मी त्या अशा ठेवल्या आहेत: दिवसाचा मांडव, बल्बची खोली, रात्रीची वरात, आणि कीर्तन-व्याख्यान. एका खोलीतून दुसरीत जाताना मेनूत शिरावे लागत नाही. आणि सहावी, डोळ्यांची. चित्रात कोठे पांढरे जळते आणि कोठे काळे बुडते ते फोटो काढण्याआधीच त्या चिमुकल्या पडद्यावर रंगाने दिसेल, अशी व्यवस्था केली. नवऱ्याचे पांढरे धोतर आणि मामांचा काळा कोट एकाच चौकटीत आले की या सोयीचे मोल कळते.

याशिवाय स्टुडिओच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेली निकॉनची एक जुनी, हाताने फोकस करायची ५० मि.मी. लेन्स एका पोकळ धातूच्या कड्याने या कॅमेऱ्यावर बसली. आत आरसा नाही म्हणून हे शक्य झाले. उरलेले अंतर ते कडे भरून काढते. त्या लेन्सला कॅमेरा ओळखत नाही. म्हणून हात हलल्याचा दोष सावरणाऱ्या यंत्रणेला ‘५०’ हा आकडा आपल्याला सांगावा लागतो. सांगितला की जुने भिंग नव्या घरात मुकाट्याने नांदते.

या सगळ्यात विशेष बुद्धी लागली असे नाही. वाचण्याची तयारी लागली. आणि येथेच माझ्यासारख्यांची खरी अडचण आहे. ज्याच्या घरी आधी कोणी शिकलेले नाही, त्याला लहानपणापासून एक धडा मिळतो: यंत्राला हात लावू नकोस, बिघडेल, पुस्तिका साहेबांसाठी असते. म्हणून आपली मुले महागडा कॅमेरा घेतात आणि आयुष्यभर तो ‘ऑटो’वर चालवतात. निकॉनच्या डी ५३०० सारख्या कॅमेऱ्यांत मेनूच्या भाषांच्या यादीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही आहे. हे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांतील बहुतेक हसले. “मराठीत मेनू ठेवला तर लोक काय म्हणतील?” असा एकाचा प्रश्न होता. म्हणजे कॅमेरा मोठा दिसावा, मेनू इंग्रजी दिसावा. आपल्याला त्यातले काही कळो अगर न कळो! माझ्या नव्या कॅमेऱ्यात मराठी नाही. म्हणूनच मला वही लिहावी लागली, आणि वही लिहिल्यामुळेच तो कॅमेरा माझा झाला. पैसे दिले तेव्हा तो फक्त माझ्या ताब्यात आला होता.

मित्रहो, सगळ्यांनी उद्या आपले मोठे कॅमेरे विकून लहान घ्यावेत, असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. उलट, लोक मिररलेसकडे वळल्यामुळे आरशाचे चांगले कॅमेरे वापरलेल्या बाजारात स्वस्त झाले आहेत. खेळांचे फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याने ते अवश्य घ्यावेत. माझे म्हणणे इतकेच, की विकत घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी कोणाचे फोटो काढणार? कोणत्या उजेडात? आणि दिवसाचे किती तास हे ओझे वाहणार? ‘लोक काय म्हणतील’ हा चौथा प्रश्न या यादीत नसावा.

शेवटी आमच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मंडळाला एक विनंती आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या फोटोंसाठी बाहेरच्या स्टुडिओला पैसे दिले जातात. त्याच पैशांत वापरलेले दोन लहान कॅमेरे घेऊन ते ग्रंथालयात ठेवावेत, आणि पुस्तकासारखे कार्डावर द्यावेत. अट एकच असावी: नेणाऱ्याने पुस्तिकेतील एका प्रकरणाचे मराठी टिपण करून आणावे. दोन वर्षांत मराठीतील एक चांगली पुस्तिका आपोआप तयार होईल, आणि ती लिहिणारी दहा-वीस मुलेमुली यंत्राला न भिणारी निघतील. माझी फुलस्केप वही पहिले टिपण म्हणून द्यायला मी तयार आहे. तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील. त्या मराठी विभागाने सुधाराव्यात.